शाळेची दिंडी : सुरक्षित हवी, सर्वांची हवी

जून महिन्यात शाळा सुरू होतात आणि नव्या वह्यांना कव्हरे घालून होतात न होतात तोच आषाढी एकादशी जवळ येते. पंढरपूर आपल्यापासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर. त्यामुळे मंगळवेढ्यातील आणि तालुक्यातील जवळजवळ प्रत्येक प्राथमिक शाळेची बालदिंडी निघते. कोणी विठ्ठल होतो, कोणी रुक्मिणी, कोणी ज्ञानोबा, कोणी मुक्ताई. डोक्यावर तुळशीवृंदावन, हातात टाळ, कपाळी गंध आणि बुक्का. हा सोहळा पाहून कोणाचेही मन प्रसन्न होते.

डॉक्टर म्हणून मला मात्र त्याची दुसरीही बाजू दिसते. आषाढीच्या मागेपुढे दोन-तीन दिवस माझ्या दवाखान्यात ठराविक तक्रारी घेऊन मुले येतात. चक्कर येऊन पडलेले मूल, तळपायाला फोड आलेले मूल, रंगामुळे चेहऱ्यावर पुरळ उठलेले मूल, उलट्या-जुलाबांनी गळून गेलेले मूल. यांपैकी बहुतेक आजार किरकोळ असतात, आणि जवळजवळ सगळेच टाळता येण्यासारखे असतात. याखेरीज एक मूल असे असते, की जे दवाखान्यात येतच नाही. दिंडी निघाली तेव्हा ते घरी किंवा वर्गात बसून होते. कोणाला दमा आहे, कोणाला आकडी येते, कोणाचा पाय अधू आहे, कोणाकडे जरीचे कपडे नाहीत, तर कोणाच्या घरचा धर्म वेगळा आहे.

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला एकच वाटते. दिंडीची आखणी वर्गातील सर्वांत नाजूक मुलापासून सुरू करावी. त्याला झेपेल एवढे अंतर, त्याला चालेल असा खाऊ, त्याला परवडेल असा वेष ठरवला, की दिंडी आपोआप सर्वांसाठी सुरक्षित होते आणि सर्वांची होते.

परदेशातील अनुभव

मुलांना वेष घालून रस्त्यावर नेण्याची प्रथा फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन नावाचा सण असतो. मुले भुताखेतांचे, राजाराणीचे वेष करून संध्याकाळी घरोघर गोळ्या-चॉकलेटे मागत फिरतात. आपल्याकडील मोठ्या शहरांतल्या काही इंग्रजी शाळांतही तो आता साजरा होऊ लागला आहे. तेथे १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतील रस्ते अपघातांचा अभ्यास करण्यात आला. त्या एका संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या इतर संध्याकाळींपेक्षा सुमारे ४३ टक्क्यांनी जास्त असल्याचे आढळले. लोक भीती बाळगतात परक्याच्या हातच्या गोळीची, आणि खरा घात होतो वाहनामुळे.

तेथील आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शेंगदाणे किंवा दूध यांची अॅलर्जी असलेल्या मुलांना या सणात काहीच खाता येत नसे. म्हणून २०१४ पासून तेथे अनेक घरे दारात निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा ठेवू लागली. त्याचा अर्थ, येथे खाऊऐवजी पेन्सिल किंवा छोटे खेळणेही मिळेल. एवढ्याशा बदलाने ती मुलेही सणात सामील झाली. काही शाळांनी भुतांऐवजी गोष्टींतील पात्रांचे वेष ठेवले, म्हणजे कोणत्याही धर्माच्या घराला अडचण वाटू नये. आपल्या दिंडीला याच नजरेने पाहता येईल.

उपाशी मूल चालवू नका

शाळेच्या दिंडीत मूल चक्कर येऊन पडते, त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे रिकामे पोट. सकाळी नटण्याच्या घाईत न्याहारी राहते. काही घरी तर ‘आज उपवास’ म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलालाही काही देत नाहीत. त्यात दीड-दोन तास उभे राहणे, जाड कपडे आणि पाऊस नसला की चटका देणारे ऊन. लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा मोठ्या माणसाच्या मानाने थोडा असतो, त्यामुळे ते उपाशीपोटी लवकर थकते.

वाढत्या वयाच्या मुलाला उपवासाची मुळीच गरज नाही. ज्या मुलाला मधुमेह असून इन्शुलिन चालू आहे, त्याला उपाशी ठेवणे तर जिवावर बेतू शकते. ज्याला आकडी येते त्याला उपवास, अपुरी झोप आणि चुकलेली गोळी या तिन्ही गोष्टी घातक ठरतात. पंधराव्या शतकातील दुष्काळात ज्या दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्या लोकांसाठी खुली केली, त्यांच्या गावात पोरे उपाशी ठेवून दिंडी काढावी, हे काही शोभत नाही. घरून निघताना अर्धी भाकरी आणि दूध, किंवा पोहे खाऊनच मुलाने निघावे.

मूल घेरी येऊन पडलेच तर त्याला सावलीत आडवे निजवावे, पाय वीतभर उंच करावेत, गळ्याजवळचे व कमरेचे कपडे सैल करावेत आणि भोवतालची गर्दी हटवावी. शुद्धीवर येण्याआधी तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. पूर्ण शुद्ध आल्यावर साखरपाणी द्यावे. दोन-तीन मिनिटांत मूल सावरले नाही तर थेट रुग्णालय गाठावे.

खाऊ कोणता द्यावा

शेवटी खिचडी वाटण्याची पद्धत आहे. ती पहाटे करून झाकून ठेवतात आणि मुलांच्या हाती पडेपर्यंत दहा-अकरा वाजतात. शिजवलेला पिष्टमय पदार्थ कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला, की त्यात जंतू भराभर वाढतात. भगरीबाबत अधिक सावध राहावे. जुनी, ओलसर भगर किंवा तिचे उघड्यावरचे पीठ यांत बुरशी धरते आणि विषबाधा होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात एकादशीला एका धार्मिक कार्यक्रमात भगरीचा प्रसाद खाल्ल्यानंतर सुमारे दोन हजार लोकांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला होता.

शाळेच्या दिंडीसाठी माझ्या मते सर्वांत उत्तम प्रसाद म्हणजे केळे. ते स्वस्त, सालीमुळे आतून स्वच्छ, भूक भागवणारे आणि उपवासालाही चालणारे. खिचडी करायचीच असेल तर वाटपाआधी तास-दीड तासात करून गरम वाढावी आणि उरलेली घरी पाठवू नये.

शेंगदाण्याची अॅलर्जी आपल्याकडे फार नाही; पण ज्याला असते त्याला खिचडीतला चमचाभर कूटही पुरतो. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप लागणे ही लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. अशा वेळी अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन प्राण वाचवते आणि त्यासाठी मिनिटे मोजून रुग्णालय गाठावे लागते.

अंगणवाडीच्या चिमुकल्यांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिक्कीचे खडे देऊच नयेत. चालता-बोलता खाताना दाणा श्वासनलिकेत अडकतो. ठसका लागलेले मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. त्याला खोकता, रडता, बोलता येईनासे झाले तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. तरीही निघाले नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत आणि वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. असे आळीपाळीने करीत राहावे. दिसत नसलेला दाणा बोटाने चाचपून काढण्याच्या प्रयत्नात तो आणखी आत जातो.

वेष सुटसुटीत असावा

नऊवारी घोट्याच्या वर असावी. लहान मुलीला पायघोळ लुगडे नेसवले, की ती पायात अडकून पडते. जुन्या साडीचे शिवलेले नऊवारी आणि आत नाडी हे सर्वांत चांगले. टाचण्या आणि पिना शक्य तितक्या टाळाव्यात. त्या टोचतात, आणि लहान मुले त्या तोंडात धरतात.

विठ्ठल सावळा म्हणून मुलाचे तोंड निळ्या-काळ्या रंगाने रंगवण्याची हौस असते. भिंतीचा, चित्रकलेचा किंवा बुटाचा रंग त्वचेसाठी नसतो. त्याने खाज सुटते, डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते. सुरम्यात बऱ्याचदा शिसे असते, म्हणून तोही नको. चेहरा न रंगवता गडद रंगाची पूर्ण बाह्यांची बंडी घातली तरी विठ्ठल ओळखू येतो. गंध, अष्टगंध नवे असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून पाहावे. लाली किंवा खाज आली तर वापरू नये. दाढी-मिशा चिकटवण्यासाठी कागद-लाकडाचा गोंद वापरू नये. कापसाची दाढी आणि पेटती निरांजने यांची जवळीक तर अजिबात नको. ज्याच्या अंगावर कापूस किंवा नायलॉन आहे त्याच्या हाती आरती देऊ नये.

तुळशीवृंदावन पितळेचे न घेता पुठ्ठ्याचे किंवा प्लॅस्टिकचे हलके घ्यावे. पायांत चपला-बूट हवेतच. अनवाणी चालण्यात भक्ती असेल, पण डांबर तापलेले असते आणि रस्त्यावर खिळे-काचा असतात. जखम झालीच तर वाहत्या पाण्याने साबण लावून धुवावी आणि धनुर्वाताची लस कधी झाली ते पाहावे. पाचव्या-सहाव्या वर्षीचा त्रिगुणी लसीचा बूस्टर डोस आणि दहाव्या वर्षीची लस अनेक पालक विसरतात.

रस्ता, वेळ आणि आवाज

आषाढीच्या दिवसांत कर्नाटकातून येणाऱ्या दिंड्या आणि वारकऱ्यांची वाहने आपल्याच रस्त्यांनी पंढरपूरकडे जातात. म्हणून शाळेची दिंडी हमरस्त्यावर न नेता गावातील आतल्या रस्त्याने न्यावी. सकाळी साडेसातला निघून नऊच्या आत परत यावे. पहिली ते चौथीच्या मुलांना एक किलोमीटर पुरे. दोन्ही बाजूंना दोर, पुढे-मागे एकेक मोठे माणूस आणि दर दहा मुलांमागे एक शिक्षक किंवा पालक असावा. मुलांच्या जोड्या लावाव्यात, म्हणजे एकाला दुसऱ्याचे लक्ष राहते. पालकांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात असावी. दर पंधरा मिनिटांनी सावलीत थांबून सर्वांना पाणी द्यावे, मागणाऱ्यालाच नव्हे.

ध्वनिवर्धकांच्या भिंती लावून निघणाऱ्या दिंड्याही आता पाहण्यात येतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शाळा आणि रुग्णालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो आणि तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. लहान मुलाचा कान नाजूक असतो. ज्या मुलाला श्रवणयंत्र आहे किंवा ज्याला स्वमग्नता आहे, त्याला असा गोंगाट अक्षरशः सहन होत नाही आणि ते मूल दिंडी सोडून पळू लागते. आठ-दहा टाळ आणि एक मृदंग एवढे पुरेसे आहे.

बुक्का आणि गुलाल कपाळाला लावण्यासाठी आहेत, उधळण्यासाठी नाहीत. उधळलेली पूड दम्याच्या मुलाच्या छातीत जाते. त्याचा पंप नाव लिहून शिक्षकांच्या पिशवीत असावा, घरच्या कपाटात नव्हे.

आजारी मुलाला घरी बसवू नका

काही वर्षांपूर्वी एक आई माझ्याकडे दुसरीतल्या मुलाला घेऊन आली. त्याला आकडी येत असे. पण नियमित गोळ्यांमुळे दीड वर्षात एकदाही आली नव्हती. शाळेने सांगितले होते, ‘दिंडीला पाठवू नका, जबाबदारी कोण घेणार?’ मुलगा आदल्या रात्रीपासून रडत होता. मी दाखला दिला आणि त्यावर चार सूचना लिहिल्या. रात्री पुरती झोप घ्यावी, सकाळची गोळी आणि न्याहारी चुकवू नये, एका शिक्षकाच्या शेजारी चालावे, पेटती आरती हाती देऊ नये. आकडी आलीच तर काय करायचे तेही लिहिले. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, घड्याळ पाहावे. दातांत चमचा घालू नये, चप्पल-कांदा हुंगवू नये, हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवावी. मुलगा पताका घेऊन पूर्ण वाट चालला. काही झाले नाही. आणि झाले असते तरी काय करायचे ते त्याच्या शेजारच्या गुरुजींना ठाऊक होते.

आजारपण लपवले की धोका वाढतो, आणि ते सांगितल्यावर मूल वगळले जात असेल तर पालक लपवणारच. म्हणून शाळेने आधी विश्वास द्यावा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा सरकारी व अनुदानित शाळांत तपासणी करतात. हृदयविकार, दमा, आकडी, दृष्टिदोष अशा मुलांची नोंद त्यातून मिळते. ती यादी दिंडीच्या आठ दिवस आधी काढून पालकांशी बोलावे. ज्याचा पाय अधू आहे त्याच्या चाकांच्या खुर्चीलाच फुले बांधून पालखी तिच्या शेजारून न्यावी. त्याच्या गतीने सगळी दिंडी चालली तर लहानग्यांचीही धाप कमी होते.

चोखोबांच्या गावची दिंडी

आता कपड्यांचा प्रश्न. दुकानातून भाड्याने आणलेला विठ्ठल-रुक्मिणीचा वेष मजुरी करणाऱ्या आईबापाला परवडत नाही. दरवर्षी त्याच दोन-चार घरची, गोरीगोमटी मुले देव होतात आणि बाकीची कडेने चालतात. यावर उपाय आपल्या संतांनीच करून ठेवला आहे. ते कामकरी होते. अरणचे सावतोबा मळ्यात राबत, तेरचे गोरोबा मडकी घडवत, नरहरी सोनारकाम करत, सेना हजामत करत, जनाबाई दळण दळत. पुठ्ठ्याचे खुरपे, घरातले मडके, गव्हाचे सूप, एवढ्यावर संत उभा राहतो. दामाजीपंतांसाठी ज्वारीचे एक ठिके पुरे. मालदांडीच्या गावात त्याला काय तोटा! भूमिका चिठ्ठ्या टाकून द्याव्यात. विशेषतः कोणत्या संताचा वेष कोणी करायचा हे मुलाच्या जातीवरून कधीही ठरवू नये. ज्या मुलाला वेषच नको, किंवा ज्याच्या घरी देवाचा वेष चालत नाही, त्याला पाणी देण्याचे, वृक्षदिंडीचे रोप धरण्याचे, फलक नेण्याचे काम मानाने द्यावे. पूजेत भाग घेण्याची सक्ती कोणा विद्यार्थ्यावर होऊ नये, हे तर आपल्या घटनेच्या २८ व्या कलमातही आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद याच परंपरेतले संत होते, हेही मुलांना सांगावे.

वगळलेल्या मुलाच्या पोटात दुखते, ते शाळेला जायला नको म्हणते, रात्री अंथरूण ओले करते. पालक त्याला जंताचे औषध मागायला येतात. तपासणीत काही सापडत नाही आणि बोलता बोलता खरे कारण बाहेर येते. मानहानी हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

मंगळवेढ्याला हे वेगळे सांगायला नको. चोखोबा येथलेच. १३३८ मध्ये याच गावचा कुसू बांधताना भिंत कोसळून ते गेले. हयातीत त्यांना देवळाच्या आत पाऊल टाकू दिले नाही. कान्होपात्रा याच गावची, गणिकेच्या घरी जन्मलेली. पंढरीच्या मंदिराचे दार दलितांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले. ते पेशाने हायस्कुलातल्या मुलांवर जीव लावणारे मास्तरच होते. त्या दारासाठी एवढा लढा झाला. आपल्या शाळेच्या फाटकाशी पुन्हा एखादे मूल अडून राहू नये.

शिक्षकांच्या पिशवीत काय असावे

आजारी मुलांची यादी व त्यांची औषधे, नाव लिहून. जलसंजीवनीची पाकिटे; एक पाकीट एक लिटर पाण्यात. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ग्लुकोजची पूड, कापूस, पट्टी, कात्री, जंतुनाशक, साबण. चार्ज केलेला फोन. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत मिळते. तो क्रमांक प्रत्येक शिक्षकाला पाठ असावा. आपल्या ग्रामीण रुग्णालयाला दिंडीची तारीख आणि मार्ग आधी कळवून ठेवावा.

मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांनी आषाढीच्या आठ दिवस आधी अर्धा तास एकत्र बसून एवढे ठरवले तरी पुष्कळ होईल. यंदाच्या दिंडीत हजेरीपटावरचे प्रत्येक मूल पोटभर खाऊन, पायांत चपला घालून चालावे आणि हसत घरी परत यावे, ही सदिच्छा.